एका शिफ्टमध्ये निघालेला माल

प्रेस शॉपमध्ये काम केलेल्या माणसाला 'बर' समजावून सांगावी लागत नाही. पत्रा कापला की कडेला जी बोट चिरणारी किनार उरते, ती बर. ती घासून काढल्याशिवाय माल पुढे जात नाही. चुकून गेलाच तर ग्राहकाकडून परत येतो, आणि सोबत एक खरमरीत ईमेल येतो. 'ब्लॅक सॅबथ' या इंग्लिश बँडचा त्याच नावाचा पहिला अल्बम 1970 साली बर न काढताच बाजारात गेला. परत आला नाही. उलट हेवी मेटल नावाचा अख्खा प्रकार त्या किनारीवर उभा राहिला. पिंपरी-चिंचवड ते चाकण पट्ट्यातल्या कानांना हा अल्बम आपल्यातला वाटावा अशी बरीच कारणं आहेत. त्यातली ही काही.

शहरापेक्षा 19 दिवसांनी मोठा

अल्बम इंग्लंडात आला 13 फेब्रुवारी 1970 ला. त्या दिवशी शुक्रवार होता. शुक्रवार आणि 13 तारीख म्हणजे तिकडची अमावास्या. त्यानंतर 19 दिवसांनी, 4 मार्च 1970 ला, अण्णासाहेब मगर यांच्या पुढाकाराने पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी ही गावं एकत्र करून नवनगरपालिका स्थापन झाली. म्हणजे कागदोपत्री आपलं शहर या अल्बमपेक्षा 19 दिवसांनी लहान. महापालिका व्हायला 1982 उजाडलं. तोवर गायक ऑझी ऑस्बर्नला बँडमधून काढून टाकल्यालाही तीन वर्षं होऊन गेली होती.

ओव्हरटाइमसुद्धा नाही

16 ऑक्टोबर 1969. लंडनचा रीजंट साउंड स्टुडिओ. चौघं सकाळी आत गेले आणि साधारण 12 तासांत अल्बम वाजवून बाहेर आले. खर्च सुमारे 600 पौंड. सगळे एकत्र वाजवत होते आणि त्याच वेळी ऑझी बाजूच्या खोपटात उभा राहून गात होता. गिटारचे काही तुकडे नंतर वरून चढवले, बाकी जे पहिल्या फटक्यात आलं तेच ठेवलं. कार्यक्रमात रोज वाजवतो तसंच वाजवायचं, एवढंच त्यांना येत होतं आणि तेवढीच मुभा होती. सुरुवातीचा पाऊस, गडगडाट आणि चर्चची घंटा मागाहून जोडलेली.

मध्येच ब्रेकडाउनही झाला. गिटारवादक टोनी आयोमीकडे फेंडर स्ट्रॅटोकास्टर होती. 'विकेड वर्ल्ड' हे गाणं झालं आणि तिचा पिकअप गेला. मग सुटी म्हणून आणलेली गिब्सन एसजी काढली आणि लाइन पुन्हा चालू. पुढची पन्नास वर्षं आयोमी म्हटलं की एसजी. स्पेअरनेच मूळ पार्टची जागा घेतल्याचं एवढं ठळक उदाहरण मेंटेनन्सवाल्यांनाही दुसरं सापडायचं नाही.

चौघांचा बायोडेटा

बँड बर्मिंगहॅमच्या ॲस्टन भागातला. कारखाने, चाळवजा घरं आणि भोंगे. ऑझीचे वडील जनरल इलेक्ट्रिक कंपनीत टूलमेकर, तेही रात्रपाळीला; आई लुकास कंपनीत दिवसपाळीला. पोरगंही काही काळ लुकासमध्येच चिकटलं. काम काय, तर गाड्यांचे हॉर्न ट्यून करणं! दिवसभर हॉर्न. संध्याकाळी सहाला चाकणच्या तळेगाव चौकात उभं राहिलेल्या कुणालाही या माणसाने पुढे आयुष्यभर किंचाळणं का पत्करलं, ते कळेल. (लुकास हे नाव आपल्याकडच्या ऑटो इलेक्ट्रिशियनला परकं नाही. त्या नावाची लुकास-टीव्हीएस चाकणलाही आहे.)

ऑझीने प्लंबरच्या हाताखाली काम केलं, कत्तलखान्यात केलं, घरफोडी केली आणि दंड भरायला पैसे नाहीत म्हणून विन्सन ग्रीनच्या तुरुंगात सहा आठवडे काढले. वडिलांनी दंड भरला नाही. मुद्दाम. बास वाजवणारा आणि बरीचशी गाणी लिहिणारा गीझर बटलर कारखान्याच्या अकाउंट्समध्ये उमेदवारी करत होता. बँडमध्ये एक तरी माणूस हिशेबाचा होता म्हणायचं, पण पुढे मॅनेजरांनी या मंडळींना ज्या प्रकारे लुटलं ते पाहता त्याचा फार उपयोग झाला नाही.

आणखी एक धागा. बर्मिंगहॅमच्या कॅसल ब्रॉमविचमधला जग्वारचा कारखाना 2008 मध्ये टाटा मोटर्सच्या मालकीचा झाला. 2011 पासून जग्वार लँड रोव्हरच्या काही गाड्यांची जुळणी पुण्यातही होऊ लागली. सॅबथचं गाव आणि आपलं गाव एकाच मालकाच्या पगारपत्रकावर आले, ते असे.

शेवटचा दिवस, दुसऱ्याचं मशीन

1965. आयोमी 17 वर्षांचा, पत्र्याच्या कारखान्यात वेल्डिंगला. त्याने नोकरी सोडली होती आणि तो एका बँडबरोबर जर्मनीला निघाला होता. शेवटचा दिवस. दुपारी जेवायला घरी आला तेव्हा म्हणाला, आता परत जात नाही. आई म्हणाली, काम अर्धवट टाकून यायचं नाही, दिवस पूर्ण कर. गेला. प्रेसवर बसणारी कामगार त्या दिवशी आली नव्हती, म्हणून ह्याला तिथे बसवलं. कधी न चालवलेलं मशीन. प्रेस खाली आली आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. आयोमी डावखुरा. म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा हात नेमका हाच.

इथे चटपटीतपणा थोडा बाजूला ठेवावा लागतो. खाडा पडला म्हणून हेल्परला प्रेसवर बसवणं ही बर्मिंगहॅमची जुनी गोष्ट नाही. 'सेफ इन इंडिया' ही संस्था 2019 पासून 'क्रश्ड' नावाचे अहवाल काढते. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या लहान कारखान्यांत कामगारांची बोटं जातात ती मुख्यतः पॉवर प्रेसवर, हे त्यात वर्षानुवर्षं दिसत आलं आहे. दोन हातांची बटणं, लाइट कर्टन, सेन्सर ही सगळी साधनं बाजारात मिळतात. प्रॉडक्शन अडतं म्हणून ती बायपास केली जातात. मोहननगरच्या ईएसआय रुग्णालयात असे हात घेऊन येणाऱ्यांच्या नशिबी गिटार नसते.

साबणाच्या बाटलीचं बोट

डॉक्टर म्हणाले, गिटार विसरा. कारखान्याचा फोरमन मात्र घरी आला तो एक रेकॉर्ड घेऊन. जँगो राइनहार्टची. 1928 मध्ये आगीत भाजून ज्याच्या डाव्या हाताची दोन बोटं निकामी झाली आणि जो उरलेल्या बोटांवर युरोपचा मोठा जॅझ गिटारवादक झाला, तो जँगो. जगातल्या सगळ्या फोरमन लोकांत या एकाचा पुतळा व्हायला हरकत नाही.

मग आयोमीने जे केलं त्याला आपल्याकडे एकच शब्द आहे: जुगाड. भांडी घासायच्या फेअरी लिक्विडची प्लास्टिकची बाटली वितळवली, गोळा केला, तापलेल्या सोल्डरिंग आयर्नने त्याला भोक पाडलं, सँडपेपरने आकार दिला, वरून जुन्या जाकिटाचं चामडं चिकटवलं. झाली बोटांची टोपणं. नेहमीच्या जाड तारा दाबवेनात, म्हणून गिटारवर बँजोच्या पातळ तारा चढवल्या.

इथे एक गैरसमज खोडायलाच हवा, कारण मेटल ऐकणारी पोरं तो छाती ठोकून सांगतात. बोटांमुळे तारा सैल केल्या आणि म्हणून पहिल्या अल्बमचा आवाज एवढा जड लागला, असं म्हणतात. नाही. पहिला अल्बम नेहमीच्याच ट्यूनिंगमध्ये आहे. तारा दीड सूर खाली उतरवणं सुरू झालं ते 1971 च्या तिसऱ्या अल्बमपासून. पहिल्यातला जडपणा वाजवण्यातला आहे.

सैतान यमन शिकला असता तर

अल्बमचं पहिलं गाणं तीन स्वरांवर उभं आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर सा, वरचा सा आणि तीव्र मध्यम. बास. या सा आणि तीव्र मध्यमातल्या अंतराला युरोपात 'संगीतातला सैतान' असं नाव पडलं होतं. चर्चने त्यावर बंदी घातली होती ही गोष्ट मात्र भाकड. तशी बंदी कुठे नोंदलेली नाही.

आता गंमत बघा. हाच तीव्र मध्यम आपल्याकडे यमनमध्ये पोरांना पहिल्या वर्षी शिकवतात. संध्याकाळी दिवा लावून. चिंचवडच्या रामकृष्ण मोरे प्रेक्षागृहात यमन सुरू झाला की लोक डोळे मिटून मान डोलावतात, सैतान आल्याची तक्रार कुणी करत नाही. फरक शेजारच्या स्वरांचा. यमनात तीव्र मध्यमाला गंधार-पंचमाचा शेजार आहे. आयोमीने त्याला एकटं काढलं, वर कंप दिला आणि मागे पाऊस सोडला. गीझर बटलर तेव्हा गुस्ताव्ह होल्स्टच्या 'द प्लॅनेट्स'मधला मंगळ बासवर वाजवत बसायचा, तिथून हा सूर आयोमीच्या हातात उतरला. म्हणजे कुळ शोधायचं तर ते थेट अभिजात संगीतात निघतं.

इन्स्पेक्शनला फेल, गिऱ्हाइकाला पसंत

'रोलिंग स्टोन'मध्ये लेस्टर बँग्जने लिहिलं त्याचा मथितार्थ: क्रीम बँडसारखंच आहे, फक्त त्याहून वाईट. न्यूयॉर्कचा समीक्षक रॉबर्ट क्रिस्टगाव याने 'सी वजा' अशी श्रेणी दिली. आमच्या वेळी इंजिनिअरिंगला एटीकेटी मिळायची, साधारण तो प्रकार.

श्रोत्यांनी समीक्षा वाचली नाही, रेकॉर्ड विकत घेतली. इंग्लंडात अल्बम आठव्या क्रमांकावर गेला, अमेरिकेत 23 व्या. आणि 2003 मध्ये त्याच 'रोलिंग स्टोन'ने सर्वकालीन 500 उत्तम अल्बमांच्या यादीत त्याला जागा दिली. मला यात समीक्षकांचा मूर्खपणा दिसत नाही. ते रॉकच्या चढत्या नक्षीकामाच्या काळात बसले होते आणि समोर अचानक पत्र्याचा तुकडा आला. तो ज्या हातांनी कापला होता त्यांच्या शेजारच्या घरांतल्या पोरांना तो लगेच कळला. दहा तास हॅमरखाली उभं राहून आलेल्या कानाला हळू, जड, एकसुरी ठोका म्हणजे नेहमीचाच आवाज. फक्त या वेळी तो आपल्या बाजूने वाजत होता.

आज ऐकणाऱ्यांतही पक्ष आहेत. एक पक्ष म्हणतो, त्याच वर्षी सप्टेंबरात आलेला 'पॅरानॉइड' हाच खरा, पहिला नुसता कच्चा आराखडा. दुसरा म्हणतो, कच्चा आहे म्हणूनच जिवंत आहे, ड्रमवाल्या बिल वॉर्डच्या हातातला जॅझ इथे जितका मोकळा ऐकू येतो तितका नंतर नाही. तिसऱ्या पक्षाला शेवटचं 'वॉर्निंग' असह्य होतं. दहा मिनिटं, त्यात गिटार भरकटते ती भरकटतेच. आणि गाणं मुळात दुसऱ्याच बँडचं. मी दुसऱ्या पक्षात, पण 'वॉर्निंग'पुरता तिसऱ्यांशी युती करायची तयारी आहे. चौथ्या पक्षाचं भांडण वेगळंच: इंग्लंडच्या प्रतीवर 'ईव्हिल वुमन' आहे, अमेरिकेच्या प्रतीवर त्याऐवजी 'विकेड वर्ल्ड'. कुठली असली? बिचारी स्ट्रॅटोकास्टर ज्या गाण्यापुरती टिकली ते दुसऱ्या यादीत आहे, म्हणून माझं मत तिला.

उरलेले सुटे भाग

'एन.आय.बी.' या गाण्याच्या नावाचा चाहत्यांनी सैतानी अर्थ लावला. बटलरचा खुलासा असा की बिल वॉर्डची दाढी पेनाच्या निबसारखी दिसायची, मध्ये टिंबं दिली ती नुसती भाव खायला. 'स्लीपिंग व्हिलेज'मध्ये टुणटुण वाजतं ते मोरचंगाच्या जातीचं वाद्य आहे, आणि वाजवणारे खुद्द निर्माते रॉजर बेन. मुखपृष्ठावर काळ्या कपड्यांत उभी असलेली बाई चेटकीण आहे, भूत आहे, फोटो काढताना ती तिथे नव्हतीच, अशा कथा पन्नास वर्षं चालल्या. ती लुईझा लिव्हिंगस्टन नावाची मॉडेल होती, हे 2020 मध्ये जाहीर झालं. मागची इमारत ऑक्सफर्डशायरमधली मेपलडरहॅमची पाणचक्की.

याच रॉजर बेनने 1974 मध्ये बर्मिंगहॅमच्याच जुडास प्रीस्टचा पहिला अल्बम 'रोका रोला' केला. आवाज इतका मिळमिळीत की बँडने स्वतःच त्याला कधी जवळ केलं नाही. शेवटी 2024 मध्ये, पन्नास वर्षांनी, टॉम ॲलमने तो नव्याने मिक्स करून दिला. हा ॲलम सॅबथच्या त्या 12 तासांच्या रेकॉर्डिंगला इंजिनिअर होता. रिवर्कची इतकी उशिरा आलेली ऑर्डर विरळाच.

आपल्याकडचं पहिलं पीस

महाराष्ट्रात मेटलच्या कच्च्या पहिल्या अल्बमांची परंपरा मुंबईने चालवली. 'डेमॉनिक रिझरेक्शन'चा 'डेमनस्टीलर' 2000 साली आला, स्वतःच काढलेला. त्या बँडचा म्होरक्या साहिल मखिजा पुढे 'हेडबँगर्स किचन' या यूट्यूब वाहिनीमुळे जगभर पोचला, आणि तिथे येणाऱ्या कितीतरी लोकांना तो फक्त कीटो स्वयंपाक शिकवणारा दाढीवाला म्हणून माहीत आहे. चीज कसं वितळवायचं ते शांतपणे सांगणारा हा माणूस सैतानी आवाजात गुरगुरतो, हे त्यांना नंतर कळतं.

2003 मध्ये सुरू झालेल्या एका बँडचं नाव 'भयानक मौत'. नाव ऐकून आधी हसू येतं, मग पहिलं गाणं लागतं आणि हसू तिथेच थांबतं. 'स्क्राइब' या बँडने तर 2010 च्या अल्बमला 'मार्क ऑफ तेजा' असं नाव दिलं. 'अंदाज अपना अपना' पाहिलेल्याला वेगळं सांगायला नको. पुण्यात 2010 मध्ये एनएच7 वीकेंडर हा संगीत महोत्सव सुरू झाला आणि मेटलला मैदान मिळालं. 2019 मध्ये स्वीडनचा ओपेथ तिथे वाजवून गेला.

आणि ॲस्टनचे चौघं? 5 जुलै 2025 ला ते आपल्याच मोहल्ल्यातल्या व्हिला पार्क मैदानावर शेवटचे एकत्र आले. ऑझीला उभं राहवत नव्हतं, तो सिंहासनावर बसून गायला. 17 दिवसांनी, 22 जुलैला, तो गेला. त्या मैफलीचं नाव होतं 'बॅक टू द बिगिनिंग', पण सॅबथने त्या रात्री वाजवलेल्या चार गाण्यांपैकी पहिल्या अल्बममधलं एकच होतं: दाढीवरून नाव पडलेलं 'एन.आय.बी.'.