नॅशव्हिलमधला उत्तरेचा शिपाई

अमेरिकी यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्याने फेब्रुवारी १८६२ मध्ये टेनेसीची राजधानी नॅशव्हिल घेतली. दक्षिणेच्या बंडखोर राज्यांच्या हातून गेलेली ही पहिली राजधानी. तिथे तैनात शिपायाचे जीवन असे होते :

● काम : पहारा, कवायत, ये-जा करणाऱ्यांचे परवाने तपासणे, रेल्वे आणि गोदामांची राखण.

● शिधा : रोज सुमारे ४५० ग्रॅम कडक बिस्किटे, खारवलेले डुकराचे मांस, कॉफी.

● पगार : साध्या शिपायाला महिना १३ डॉलर, १८६४ च्या मध्यापासून १६. कृष्णवर्णीय शिपायांना आधी १०, त्यातूनही कपड्यांचे ३ वजा.

● तटबंदी : विधानभवनाभोवती तोफा; टेकडीवरचा फोर्ट नेग्ली हा किल्ला बांधला तो वेठीला धरलेल्या कृष्णवर्णीय मजुरांनी.

● आरोग्य : गुप्तरोग बळावल्यावर १८६३ मध्ये लष्कराने वेश्यांना परवाना आणि नियमित वैद्यकीय तपासणी सक्तीची केली.