पटकीला न सापडलेलं दार

पटकीचे जंतू आतडं कुरतडत नाहीत. आतड्याचं अस्तर बहुतांशी शाबूत राहतं आणि तरीही माणूस दगावतो, कारण त्याच्या अंगातलं पाणी आणि क्षार वाहून जातात. रोग बळावला तर तासाला लिटरभर पाणी जाऊ शकतं. ज्या रोगापायी गावोगाव मरीआईचा गाडा शिवेपार नेला जाई, त्याचा मारही आणि उतारही पेशीच्या पटलातल्या प्रथिनांत आहे.

हे पटल म्हणजे स्निग्ध रेणूंचा दुपदरी थर, मिलिमीटरच्या एक लाखाव्या भागाहूनही पातळ. पण तो तेलकट असल्यामुळे सोडियम, क्लोराइड यांसारख्या विद्युतभारित कणांना किंवा ग्लुकोजला त्यातून जवळजवळ वाट नसते. वाट देतात ती पटलाच्या आरपार गेलेली प्रथिनं. त्यांची साखळी धावदोऱ्यासारखी या बाजूनं त्या बाजूला ओवलेली असते. लहान आतड्यातलं एसजीएलटी-१ हे प्रथिन पटल चौदा वेळा ओलांडतं.

त्याचं काम बघण्यासारखं आहे. त्याच्या पोटातली खोबण आधी आतड्याच्या पोकळीकडे उघडी असते. तिथे सोडियमचे दोन कण येऊन बसतात, मग ग्लुकोजचा एक रेणू. त्यानंतर बाहेरचं तोंड मिटतं आणि पेशीच्या आतलं उघडतं. दोन्ही तोंडं एकाच वेळी कधीच उघडी नसतात. यासाठी लागणारा जोर दुसऱ्याच एका प्रथिनाचा. पेशीच्या रक्ताकडच्या बाजूचा सोडियम-पोटॅशियम पंप दर फेरीला तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. त्यामुळे पेशीत सोडियमची कायम टंचाई राहते, बाहेरचा सोडियम आत धाव घेतो आणि ग्लुकोजला सोबत घेऊन येतो. क्षार आणि साखर आत शिरली की पाणी मागोमाग येतंच.

मीठ-साखर-पाण्याचं सगळं शास्त्र एवढंच. पण ते जुळून यायला वेळ लागला. कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखवलं की जंतू गाळून काढलेला द्रवही सशाच्या आतड्यात पाणी साठवतो. म्हणजे कर्ता विष आहे. हे विष पेशीतला एक रासायनिक खटका चालू स्थितीतच अडकवून ठेवतं, हे पुढे उलगडलं. मग सीएफटीआर नावाचं, तेही पटलाच्या आरपार गेलेलं प्रथिन उघडतं. क्लोराइड पोकळीत सुटतो आणि सोडियम व पाणी त्याच्या मागे जातात. मिठाचं नेहमीचं शोषणही मंदावतं. एसजीएलटी-१ला मात्र विषाचा धक्का लागत नाही. पटकीच्या रुग्णाला नुसतं मिठाचं पाणी का पुरत नाही आणि त्यात ग्लुकोज घातल्यावर ते अंगी का लागतं, याचं उत्तर इथे आहे.

ग्लुकोज सोडियमच्या जोडीनंच आत जातो, ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये प्रागच्या परिषदेत मांडली. डॉक्टरांनी तिचा कस लावला तो ढाक्यात. तिथे डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश यांनी १९६८ मध्ये पटकीच्या रुग्णांना ग्लुकोज-क्षाराचं पाणी पाजून सलाईनची गरज बरीच कमी करून दाखवली. खरी परीक्षा १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत झाली. सलाईन संपत आलं, तेव्हा दिलीप महालनबीस यांनी क्षार आणि ग्लुकोजची पाकिटं भरून घेतली आणि पाणी पाजायचं काम नातेवाइकांवर सोपवलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आलं. महालनबीसांना पद्मविभूषण मिळालं ते २०२३ मध्ये, मरणोत्तर. या दिरंगाईला काय म्हणावं!

आज जागतिक आरोग्य संघटनेच्या जलसंजीवनीच्या (ओआरएस) सूत्रात लिटरमागे १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतो आणि द्रावणात सोडियम व ग्लुकोजच्या कणांची संख्या सारखी असते. साखर वाढवली तर हिशेब उलटतो: शोषली न गेलेली साखर आतड्यातच राहते, पाणी आपल्याकडे ओढते आणि जुलाब वाढवते. म्हणूनच गोड पेयांच्या डब्यांवर मिरवणारी ‘ओआरएस’ ही अक्षरं काढून टाकण्याचा आदेश भारताच्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणानं ऑक्टोबर २०२५ मध्ये दिला. जुलाब होणाऱ्या मुलासाठी जलसंजीवनी घेताना पाकिटावरचं नाव नव्हे, घटकांची यादी वाचावी.