पायातला खोडा

बेबीताई कांबळे फलटणला किराणा दुकानात बसायच्या. पुड्या बांधायला आलेली रद्दी आधी वाचायच्या, आणि घरच्यांपासून वही लपवून लिहायच्या. असं वर्षानुवर्षं चाललं. १९८६ साली त्याचं पुस्तक झालं, 'जिणं आमुचं'.

माहेरी पळालेल्या सुनेच्या पायात लाकडी खोडा अडकवत, हे त्यात आहे. गटाच्या बैठकीत तेवढंच वाचलं, तर हप्त्यांचा हिशेब थांबला. एक काकू म्हणाल्या, "मला लाकूड नव्हतं गं. कडेवर पोर दिलं, पाय अडकलाच की!"

'बायकांवर अन्याय होतो' हे भाषणात ऐकून आपण मान हलवतो आणि भाकरी थापायला जातो. पण एकीचा पाय, त्यातलं जड लाकूड वाचलं की नजर आपल्याच पायाकडे जाते. बेबीताई सासवांनाही सोडत नाहीत, म्हणून त्यांचं खरं वाटतं. (आपणही आता सासवा होतोय, बायांनो!)

ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतील. त्याआधीच्या बैठकीला गटाची कोरी वही ठेवतेय. लिहिता येत नसेल तिनं सांगावं, शेजारचीनं लिहावं. नाव घालायचं की नाही, ते जिचं तिनं ठरवावं.