सोलापूरची ‘सेटलमेंट’ : वसाहतकालीन इतिहास आणि विमुक्तांची दृष्टी

प्रस्तावना

वसाहतकालीन भारताचा इतिहास आपण बहुधा राज्यकर्ते, कायदे आणि चळवळी यांच्या अंगाने शिकवितो. पारधी, कैकाडी, मांग-गारुडी, टकारी, कंजारभाट आदी समाजांच्या बाजूने पाहिल्यास त्याच इतिहासाचे स्वरूप पालटते. प्रस्तुत लेखात सोलापूरच्या ‘सेटलमेंट’च्या आधारे हा दृष्टिभेद स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

कायद्याची चौकट

१८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा प्रथम उत्तर भारतात लागू झाला. १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यातही आला. केवळ अधिसूचना काढून संपूर्ण जमातीस गुन्हेगार ठरविता येई व त्याविरुद्ध न्यायालयात दाद मागता येत नसे. नोंदणी, बोटांचे ठसे, हजेरी आणि परवान्याविना प्रवासबंदी हे त्याचे परिणाम होत. रेल्वेमुळे भटक्यांचा मालवाहतुकीचा धंदा बसला, तर १८७८ च्या वन कायद्याने पारध्यांच्या शिकारीवर निर्बंध आले. उपजीविका हिरावल्यानंतर उरलेली भटकंतीच संशयास्पद ठरली.

सोलापूरची वसाहत

मुंबई इलाख्यात ओ. एच. बी. स्टार्ट या सनदी अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली अशा वसाहती विस्तारल्या. सोलापुरात या कामी मिशनचे साहाय्य घेण्यात आले. वसाहतीतील स्त्री-पुरुष कापड गिरण्यांत राबले. शासनाच्या लेखी ही ‘सुधारणा’ होती : शाळा, रोजगार आणि स्थिर जीवन. तथापि तारेच्या कुंपणाआडच्या माणसास शिक्षा भोगण्यासाठी अपराध करावा लागला नव्हता. जन्म पुरेसा होता. शाळा आणि मजुरी त्याला मिळाली हे खरे. पण ती नाकारण्याचे स्वातंत्र्य त्याला नव्हते. हा अनुभव केवळ भारतीय नव्हे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडने १८९७ मध्ये ‘संरक्षणा’च्या नावाखाली आदिवासींना राखीव वसाहतींत हलविण्याचा अधिकार शासनास दिला.

साधनांचा प्रश्न

या काळाची लिखित साधने प्रामुख्याने पोलीस व वसाहत अधिकाऱ्यांची आहेत. नोंदवहीतील ‘गुन्हेगार’ हा शब्द वस्तुस्थिती नसून शासनाचे वर्गीकरण आहे, हे अभ्यासकाने ध्यानी ठेवावयास हवे. कैकाडी समाजातील लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) आणि उचल्या समाजातील लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) या आत्मकथनांनी प्रथमच आतील साक्ष व्यापक वाचकवर्गापुढे आणली.

समारोप

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ म्हणविल्या गेल्या. परंतु १९५९ मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगार कायदा आला. संशयाची परंपरा संपली नाही. विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार मानणाऱ्या कारागृह नियमावलींतील तरतुदींवर सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये आक्षेप नोंदविला. सोलापुरात ‘सेटलमेंट’ हे आजही वस्तीचे नाव आहे आणि तेथील मुले आपल्या वर्गांत बसतात. त्यांच्या घरातील वृद्धांच्या आठवणी संकलित करणे, हे स्थानिक महाविद्यालयांनी विनाविलंब हाती घ्यावयाचे कार्य होय. अन्यथा त्यांचा इतिहास त्यांच्यावर पहारा ठेवणाऱ्यांच्याच अक्षरात उरेल.