समुद्रकाठची जमीन आणि पेढीचे भांडवल

पोखर्णी हे नृसिंहाच्या देवस्थानासाठी ओळखले जाणारे परभणी तालुक्यातील गाव. कापूस, तूर व सोयाबीन यांच्या हंगामावर या परिसरातील व्यापार चालतो. अशा पेढीवरही आता मालवण, तारकर्ली, वेंगुर्ले येथील जमिनींची बोलणी होऊ लागली, तर नवल नाही. १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा घोषित झाला आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये चिपी विमानतळाचे उद्घाटन झाले. त्यामुळे भाव वाढतील ही अपेक्षा निराधार नाही. परंतु अपेक्षा म्हणजे मालकी नव्हे.

पहिला प्रश्न खरेदीदाराच्या पात्रतेचा. कोकणात लागू असलेल्या १९४८ च्या कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाच्या कलम ६३ नुसार बिगरशेतकऱ्यास जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. पिढ्यान्‌पिढ्या दुकानदारी करणाऱ्या, परंतु नावावर शेती नसलेल्या कुटुंबाने हे प्रथम ध्यानी घ्यावे. दुसऱ्याच्या नावे खरेदी करणे म्हणजे पैसा आपला आणि हक्क परक्याचा.

दुसरा प्रश्न सातबाऱ्याचा. कोकणात एकाच गटावर अनेक सामाईक खातेदार असतात. काही मुंबईत, काही परदेशी. एकाची सही राहिली तरी पुढे दावा उभा राहतो. ‘इतर हक्क’ या रकान्यातील कुळाची नोंद, बोजा, फेरफार, तसेच खाजगी वनाचा शेरा वकिलाकडून तपासून घ्यावा. रस्ता कागदावर आहे की केवळ वहिवाटीचा, हेही पाहावे.

तिसरा प्रश्न समुद्राचा. किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९९१ ची, सध्याची २०१९ ची. विरळ वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरचा पट्टा सर्वसाधारणपणे ना-विकास क्षेत्र असतो. केरळातील मरडू येथील बहुमजली इमारती याच नियमांच्या भंगापायी जानेवारी २०२० मध्ये पाडण्यात आल्या. लाटांचे दर्शन घडविणारी जागा बांधकामास निरुपयोगी ठरू शकते.

शेवटचा प्रश्न रोकडतेचा. हंगामात मालाचे पैसे चुकते करावयाचे असतात. त्या दिवशी शेकडो किलोमीटरवरील जमीन विकून रक्कम उभी राहत नाही. म्हणून पेढीचे खेळते भांडवल, मुलांचे शिक्षण आणि आजारपणाची तरतूद यांना हात न लावता उरेल तेवढीच रक्कम अशा जमिनीत गुंतवावी. व्यवहार धनादेशानेच करावा, आणि कागद पूर्ण होईपर्यंत बयाणा देऊ नये. किनारा कुठे जात नाही. घाईत दिलेला पैसा मात्र सहजी परत येत नाही.