जहाजांचे राष्ट्रीयत्व-गोपन

जहाजांचे राष्ट्रीयत्व-गोपन : जप्ती टाळण्यासाठी व्यापारी जहाजाने आपली खरी ओळख लपवून परक्या सत्तेचा ध्वज किंवा परवाना वापरण्याची प्रथा. सोळाव्या ते अठराव्या शतकांत ती अनेक सागरी मार्गांवर रूढ होती. कोकण किनाऱ्यावर तिला विशेष महत्त्व आले. कारण परवाना देण्याचा हक्क कोणाचा, हाच तेथे संघर्षाचा विषय होता.

पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकाच्या आरंभापासून हिंदी महासागरात ‘कर्तझ’ नावाचा परवाना सक्तीचा केला. त्यात जहाजाचे नाव व आकार, नाखव्याचे नाव, गंतव्य बंदर, शस्त्रे इ. तपशील असत. कर्तझ नसलेले वा त्यातील अटी मोडणारे जहाज जप्तीस पात्र ठरे. १५३४ मध्ये वसई व तिच्याबरोबर साष्टी बेट पोर्तुगीजांकडे आले. १६६८ मध्ये मुंबई इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीस मिळाल्यावर माहीमच्या खाडीच्या दक्षिणेस इंग्रज, तर उत्तरेस वांद्र्यापासून वेसाव्याच्या पलीकडे पोर्तुगीज, अशी स्थिती झाली. मराठ्यांनी १७३७–३९ मध्ये साष्टी व वसई जिंकेपर्यंत ती टिकली. याच किनाऱ्यावर मराठे व जंजिऱ्याचे सिद्दी यांचीही आरमारे होती. त्यामुळे सुरतेहून मलबारकडे जाणाऱ्या गलबताला एकाच सफरीत अनेक सत्तांना तोंड द्यावे लागे.

गोपनाचे प्रकार : दुरून जहाजाची ओळख ध्वजावरून पटे, म्हणून ध्वज बदलणे हा सर्वांत सोपा उपाय होता. तपासणी होईल तेव्हा परवाना दाखवावा लागे. यासाठी काही जहाजे एकाहून अधिक सत्तांचे परवाने बाळगीत. जहाज वा माल परकीयाच्या नावावर दाखविणे, तसेच अनुकूल देशाच्या खलाशाला नामधारी कप्तान म्हणून पुढे करणे, हेही प्रकार होते. पाठलाग करणारेही फसवा ध्वज लावीत. १६९८ च्या जानेवारीत विल्यम किड या इंग्रज कप्तानाने फ्रेंच ध्वज लावून मलबार किनाऱ्याजवळ ‘केदा मर्चंट’ हे जहाज गाठले. त्याचा कप्तान इंग्रज होता. परंतु फ्रेंच ध्वज पाहून त्याने फ्रेंच परवाना पुढे केला. शत्रूचा परवाना हाती येताच किडने जहाज जप्त केले. मालाचा काही भाग औरंगजेबाच्या दरबारातील एका उमरावाचा असल्याने प्रकरण चिघळले. किडला १७०१ मध्ये लंडनमध्ये फाशी झाली. त्याच्या बचावाचा आधार असलेले फ्रेंच परवाने खटल्यात पुढे आले नाहीत. ते विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या सरकारी दप्तरात सापडले.

आंग्रे-इंग्रज वाद : सरखेल कान्होजी आंग्रे (मृ. १७२९) यांनी आपल्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांना दस्तक घेण्यास भाग पाडले. जहाज व माल देशी व्यापाऱ्याचा असेल, तर केवळ इंग्रजी ध्वजामुळे ते इंग्रजी ठरत नाही, अशी त्यांची भूमिका होती. उलट, आपल्या परवान्याने जाणारे प्रत्येक जहाज संरक्षणास पात्र आहे, असे कंपनी मानी. १७१३ च्या तहात कान्होजींनी इंग्रजी जहाजांना उपद्रव न देण्याचे मान्य केले. इंग्रजांनीही केवळ इंग्रज व्यापाऱ्यांच्या जहाजांनाच परवाने देण्याचे कबूल केले. वाद मात्र पुन्हा उद्‌भवला व १७२१ मध्ये इंग्रज-पोर्तुगीजांनी कुलाब्यावर संयुक्त स्वारी केली. ती अयशस्वी ठरली. इंग्रजांनी कान्होजींना ‘चाचा’ म्हटले. परंतु कर्तझ, इंग्रजी परवाना व मराठी दस्तक यांमागील दावा एकाच स्वरूपाचा होता.

१८५६ च्या पॅरिस जाहीरनाम्याने तटस्थ ध्वजाखालील शत्रूच्या मालाला, युद्धोपयोगी निषिद्ध माल वगळून, संरक्षण दिले आणि परवानाधारक खासगी लुटारू जहाजांची प्रथा रद्द केली. १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदाविषयक करारानुसार जहाज व त्याच्या ध्वजाचे राष्ट्र यांत खराखुरा संबंध असावा लागतो. सोयीप्रमाणे दोन वा अधिक ध्वज वापरणारे जहाज राष्ट्रीयत्वहीन मानता येते.