जुन्या गाडीचे दिवे

मंडळी, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि पाच वाजताच अंधार पडू लागतो. मंडळाचे दिवाळीचे कार्यक्रमही याच सुमारास असतात, म्हणजे रात्री उशिरा घरी परतणं आलंच. तेव्हा या वेळी थोडं गाडीच्या दिव्यांविषयी.

आमच्याकडे २००९ ची टोयोटा कॅमरी आहे. मुलीच्या जन्माच्या वर्षी घेतलेली. गेल्या वर्षी रात्री गाडी चालवताना रस्ता नीट दिसेना. आम्हाला वाटलं, वय झालं, चष्मा बदलायला हवा. डोळे तपासून घेतले, पण नंबर तोच निघाला. मग एका पावसाळी रात्री हरीण अगदी पुढ्यात आल्यावर दिसलं. ब्रेक लागला, हरीण पळालं, पण आम्ही दोघं बराच वेळ गप्प होतो. दुसऱ्या दिवशी उजेडात नीट पाहिलं, तर हेडलाइटची 'काच' पिवळट आणि धुरकट झालेली. दोष आमच्या डोळ्यांत नव्हता, गाडीच्या डोळ्यांत होता!

असं का होतं? अमेरिकेत १९४० पासून १९८३ पर्यंत गाड्यांना सीलबंद काचेचे दिवे असत. बिघडला की अख्खा दिवा बदलायचा. १९८४ च्या मॉडेलपासून सुटा बल्ब बदलता येणारे दिवे आले आणि काचेच्या जागी पॉलिकार्बोनेट नावाचं प्लास्टिक आलं. ते सहसा फुटत नाही, पण उन्हातल्या अतिनील किरणांनी त्याच्यावरचा संरक्षक थर झिजतो आणि प्लास्टिक पिवळं पडतं. ट्रिपल ए संस्थेने २०१८ साली केलेल्या चाचणीत अशा धुरकट दिव्यांतून नव्याच्या मानाने जेमतेम २० टक्के प्रकाश बाहेर पडत होता. घासून-पुसून तो ७० टक्क्यांपर्यंत येतो, असंही त्यात दिसलं.

आम्ही आधी तोच उपाय केला. ऑटो पार्ट्सच्या दुकानात साफ करण्याचा संच मिळतो. दिव्याभोवतीच्या रंगाला चिकटपट्टी लावायची, पाणी मारत आधी जाड मग बारीक पॉलिश पेपरने घासायचं, पॉलिश करायचं आणि शेवटी अतिनील किरण रोखणारं सीलर लावायचं. ही शेवटची पायरी कंटाळा करून सोडू नका! व्हॉट्सॲपवर फिरणारा टूथपेस्टचा उपाय म्हणूनच टिकत नाही. चकाकी येते, पण संरक्षक थर येत नाही. मच्छर पळवायचा स्प्रे तर मुळीच वापरू नका, त्याने प्लास्टिकच खराब होतं.

मग बल्ब. आमच्या गाडीला लो बीमसाठी एच-११ आणि हाय बीमसाठी ९००५ लागतो. तुमच्या गाडीचा नंबर मालकाच्या पुस्तिकेत असतो. गाडी बंद करून दिवे थंड होऊ द्या. मागचा प्लग काढा, बल्ब डावीकडे फिरवून बाहेर काढा, नवा बसवून उजवीकडे फिरवा. नव्या बल्बच्या काचेला बोट लावू नका. बोटांचं तेल लागलेली जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. चुकून लागलंच तर रबिंग अल्कोहोलने पुसा. दोन्ही बाजूंचे बल्ब एकदमच बदला, कारण एक गेला की दुसरा वाटेवरच असतो. दोन्ही दिवे एकदम गेले तर आधी फ्यूज पाहा. प्लग वितळलेला किंवा काळपट दिसला तर मेकॅनिककडेच जा.

आतून पाणी साचत असेल, तडा गेला असेल किंवा धुरकटपणा आतल्या बाजूने असेल तर घासून उपयोग नाही, पूर्ण दिवा बदलावा. कंपनीचा महाग वाटला तर निदान 'कापा' प्रमाणपत्राचा घ्या.

मोठा मोह असतो तो स्वस्त एलईडी बल्बचा. हॅलोजनसाठी बनवलेल्या दिव्यात ते घालणं इथल्या फेडरल मानक क्रमांक १०८ मध्ये बसत नाही. त्यांचा प्रकाश रस्त्यावर पडण्याऐवजी समोरच्याच्या डोळ्यांत जातो. आपल्याकडे हेडलाइटचा वरचा भाग काळा रंगवत आणि ट्रकच्या मागे 'यूज डिपर ॲट नाइट' लिहीत, ते काही उगाच नव्हे!

दिवा बदलल्यावर सपाट जागी भिंतीपासून २५ फुटांवर गाडी उभी करून लो बीम पाहा. उजेडाची वरची कड दिव्याच्या उंचीला किंवा किंचित खाली असावी. वर गेली असेल तर दिशा ठीक करून घ्या. आणि पावसात वायपर चालू केलेत की हेडलाइटही लावा. आमच्या न्यू जर्सीत तसा कायदाच आहे.

आमचं सगळं काम एका शनिवारच्या दुपारी झालं. मुलीला नुकतंच परमिट मिळालंय आणि ही गाडी आता तिच्याकडे जाणार आहे. म्हणून बल्ब तिच्याच हातून बसवून घेतले. त्या रात्री ती चालवत होती, आम्ही शेजारी बसलो होतो, आणि वळणावरचा पांढरा पट्टा लांबून स्पष्ट दिसत होता.

दिवाळीत घरी पणत्या लावाल, तेव्हा पाच मिनिटं गराजमध्येही जाऊन या. शुभ दीपावली!